बी.फार्म झालंय, हेल्थकेअर आयटीचं मार्केट वाढतंय म्हणतात, तिकडे वळू का?

वाढतंय हो, त्यात वाद नाही. पण 'अमुक साली इतके अब्ज डॉलर' छापाचे जे आकडे फिरतात ते बाजूला ठेवा, प्रत्येक रिपोर्टवाला वेगळंच काहीतरी मोजतो. त्यापेक्षा पैसे कोण देतंय ते बघा. मी हॉस्पिटलांमध्ये एचआयएस, म्हणजे हॉस्पिटलचं सगळं काम सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवायचं काम करतो, आणि माझं मत विचाराल तर हे मार्केट डॉक्टरांमुळे कमी आणि बिल भरणाऱ्यांमुळे जास्त वाढतं.

अमेरिकेत २००८ मध्ये दहातल्या एखाद्याच हॉस्पिटलकडे धड इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड होतं. २००९ ला हायटेक कायदा आला, सरकार म्हणालं सिस्टीम वापरा नि पैसे घ्या, नाही वापरली तर पुढे मेडिकेअरच्या (म्हणजे तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याच्या) पैशातून कापू, की २०१५ पर्यंत बहुतेक सगळी हॉस्पिटलं लाईनवर. एपिक, सर्नर या असली सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या त्याच काळात फोफावल्या, सर्नर तर २०२२ मध्ये ओरॅकलने २८ अब्ज डॉलरच्या आसपास मोजून घेतली. पुण्या-मुंबईतले बरेचसे हेल्थकेअर प्रोजेक्ट याच अमेरिकन कामाचे, क्लेम, मेडिकल कोडिंग (आजार-उपचारांना बिलासाठी कोड देणं), डेटा मायग्रेशन वगैरे.

आपल्याकडे असा दट्ट्या नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं, पेशंटच्या ओळखीसाठी १४ अंकी आभा नंबर आला, कितीतरी सरकारी दवाखान्यांत क्यूआर स्कॅन करून ओपीडीचं टोकन मिळतं, चांगलंच आहे. पण छोट्या नर्सिंग होमचे डॉक्टर म्हणतात टायपिंग करत बसू का पेशंट बघू, आणि बाहेरची गर्दी बघितली की त्यांचं चूक पण वाटत नाही. तेच डॉक्टर कॅशलेससाठी किंवा महात्मा फुले योजनेसाठी मात्र रिपोर्ट, फोटो, डिस्चार्ज समरी सगळं पोर्टलवर चढवतात, कारण प्रीऑथ (उपचाराआधीची मंजुरी) आणि क्लेम तिथूनच पास होतो, क्वेरी आली की पैसे अडकतात. म्हणून बिल कॉम्प्युटरवर आणि केसपेपर हाताने, हे मी खूप ठिकाणी बघितलंय.

आता तुमचं. प्रोग्रामिंग यायलाच पाहिजे असं नाही, थोडं एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) पुरतं. एकाच औषधाचे ढीगभर ब्रँड, स्ट्रेंथ, शेड्यूल एच (चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत ती औषधं), बॅच, एक्सपायरी हे नुसत्या आयटीवाल्याला कळत नाही आणि फार्मसी मॉड्यूल तिथेच फसतं, तिथे तुमच्यासारखा माणूस लागतो. आयसीडी-१० (आजारांचे कोड) आणि एचएल७ फायर (एका सिस्टीममधून दुसरीत आरोग्याचा डेटा पाठवायचं स्टँडर्ड) काय असतं ते वाचून ठेवा. सिक्युरिटीत रस असेल तर ती पण वाट आहे, नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअर (डेटा लॉक करून खंडणी मागणारा) हल्ला झाला तेव्हा जवळपास दोन आठवडे कागदावर काम चाललं होतं, त्यानंतर मोठी हॉस्पिटलं याबद्दल निदान विचारायला तरी लागलीत.

सुरुवातीचा पगार इम्प्लिमेंटेशनमध्ये बेताचाच असतो, आणि गो-लाईव्हच्या, म्हणजे सिस्टीम प्रत्यक्ष सुरू होते त्या, आठवड्यात घरी लवकर जायचं विसरा. अमेरिकन प्रोजेक्ट मिळाला तर पगार बरा, पण हॉस्पिटल आतून बघायला मिळत नाही. मी असतो तर आधी एक-दोन वर्षं हॉस्पिटलातच काढली असती.