आई ४८ वर्षांची आहे, पाळी गेली आणि आता स्किझोफ्रेनिया निघालाय. दोन्हींचा संबंध असू शकतो का?

हो, असू शकतो. तुम्ही लिहिलंय की आईला शेजारणीचे आवाज ऐकू येतात, सून जेवणात काहीतरी कालवते असं वाटतं, आणि भावकीतले म्हणतात, "या वयात डोकं फिरत नसतं, हे बाहेरचं आहे." या वयातही हा आजार सुरू होऊ शकतो, आणि तो जास्त करून बायकांनाच. पुरुषांना तो बहुतेक पंचविशीच्या आत गाठतो. बायकांना सरासरी तीन ते पाच वर्षं उशिरा, आणि पाळी जाण्याच्या सुमारास बायकांमध्ये नव्या रुग्णांचं प्रमाण पुन्हा थोडं वाढतं. जर्मनीतल्या मानहाइमचे हाइन्झ हेफनर यांनी यावर बरीच वर्षं काम केलं. त्यांचं म्हणणं असं की इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन मेंदूतल्या डोपामिन या रसायनाला आवर घालतं, आणि डोपामिनचा या आजाराशी संबंध असतो. ते घटलं की दबून राहिलेला आजार वर येतो. मूळ कारण मात्र पाळी जाणं नव्हे. अंगात आजाराचा कल असावा लागतो.

मी हे परभणीत माझ्या ताईच्या बाबतीत रोज बघते. तिला पंचविशीतच हा आजार झाला. एरवी गोळ्यांवर ती चांगली असते, पोळ्या लाटते, भाच्यांचा अभ्यास घेते. पाळी जवळ आली की भाकरीचा पहिला तुकडा मांजरीला टाकते, मांजर नीट आहे हे बघते, मगच घास घेते. आमची आई कॅलेंडरवर पाळीची तारीख लिहायचीच. मी त्याच चौकटीत मांजरीची खूण करू लागले. काही महिन्यांत दिसलं की खुणा पाळीच्या आधीच्या चार-पाच दिवसांतच येतात. इस्ट्रोजेन तेव्हा उतरलेलं असतं. ते पान डॉक्टरांपुढे ठेवलं तेव्हा पहिल्यांदा त्यांनी पाळीबद्दल सविस्तर विचारलं. आपण लाजून सांगत नाही आणि ओपीडीच्या गर्दीत ते विचारत नाहीत, तिथंच घोळ होतो.

दुसरं, गोळ्याही हार्मोन हलवतात. या आजाराच्या रिस्पेरिडोन नावाच्या गोळीवर असताना ताईची पाळी थांबली आणि छातीतून दूध येऊ लागलं. लग्न न झालेली मुलगी. घरात काय काय बोललं गेलं ते लिहवत नाही. रक्त तपासलं तर प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, वाढलेलं. ते वाढलं की बीजकोशांचं (अंडाशयांचं) काम मंदावतं आणि इस्ट्रोजेन आणखी घटतं. डॉक्टरांनी हळूहळू ॲरिपिप्राझोल या दुसऱ्या गोळीवर आणलं, दूध थांबलं, पाळी परत आली. अशा वेळी गोळी मनानं बंद करायची नसते, डॉक्टरांकडून बदलून घ्यायची असते.

तुमच्या आईची पाळी आपोआप गेली की पिशवी काढलीय? बीड-धाराशिवकडे, विशेषतः ऊसतोडीला जाणाऱ्या बऱ्याच बायकांची, तिशी-पस्तिशीतच पिशवी काढलेली असते. ऑपरेशनचा कागद शोधा. पिशवीबरोबर बीजकोशही काढले असतील तर इस्ट्रोजेन एकदम तुटतं, हळूहळू उतरत नाही. मानसोपचाराच्या डॉक्टरांना हे माहीत असायलाच हवं.

मग इस्ट्रोजेन देऊन भागेल का? ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मानसोपचारतज्ज्ञ जयश्री कुलकर्णी यांनी २००८ मध्ये १०२ बायकांवरचा अभ्यास छापला. नेहमीच्या औषधांसोबत इस्ट्रोजेनचा पॅच (कातडीवर चिकटवायची पट्टी) लावलेल्यांचे भास आणि संशय जास्त कमी झाले. म्हणजे सोबत, गोळ्यांऐवजी नाही. रक्ताची गुठळी आणि स्तनाचा कर्करोग यांचा धोका तपासल्याशिवाय तो कुणी देत नाही, म्हणून मेडिकलमधून हार्मोनची गोळी आणू नका. घरात कार्य आहे किंवा पंढरपूरला जायचंय म्हणून पाळी पुढं ढकलायची गोळी घेतात, तीसुद्धा हा आजार असलेल्या मुलीला विचारल्याशिवाय नको.

पुढच्या खेपेला डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. थायरॉईड आणि बी१२ जीवनसत्त्व तपासलं का, कारण या वयात पहिल्यांदाच भास झाले तर बाकीची कारणं आधी बघावी लागतात. पाळी गेल्यानंतर औषधाचा डोस तोच पुरेल का. आणि हाडांचं काय, कारण इस्ट्रोजेन घटलं की तीही ठिसूळ होतात.

बाहेरचं बघायला कुणी नेणार असेल तर जाऊ द्या, भांडू नका, पण रात्रीची गोळी चुकू देऊ नका. आईनं जेवण सोडलं किंवा जीव द्यायची भाषा केली तर त्याच दिवशी सिव्हिलला न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलतात.