'शेल शॉक'ला 'धसका' म्हणावं का?

प्रश्न असा आहे : व्हर्जिनिया वुल्फच्या 'मिसेस डॅलोवे' (१९२५) या कादंबरीतल्या सेप्टिमसला, म्हणजे पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकाला, जे झालंय (इंग्रजीत 'शेल शॉक'), त्याला मराठीत 'धसका' म्हणावं की 'आघातोत्तर तणाव'?

'धसका' हा शब्द झकास आहे. घेतलेला धसका माणूस वर्षानुवर्षं सोडत नाही, हेही त्यात आलं. पण धसक्याला भीती लागतेच, आणि सेप्टिमसची गत उलटी आहे. युद्ध संपत आलेलं असताना त्याचा अधिकारी आणि जिवाभावाचा दोस्त इव्हान्स इटलीत मारला जातो, आणि याला फारसं काही वाटतच नाही. वर आपण किती खंबीर म्हणून गडी स्वतःवरच खूश! आपल्याला काहीच जाणवेनासं झालंय हे कळल्यावर मात्र तो हादरतो आणि मिलानमध्ये हॅट बनवणाऱ्या रेझियाशी लग्न ठरवून मोकळा होतो. पुढे १९२३च्या लंडनमध्ये त्याला चिमण्या ग्रीकमध्ये गाताना ऐकू येतात, मेलेला इव्हान्स दिसतो. याच्या जवळ जातं ते 'सुन्न होणं'.

'आघातोत्तर तणाव' तर नकोच. ते निदान अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत आलं १९८० साली.

माझं मत : 'शेल शॉक'च ठेवा. (शेल म्हणजे इथे तोफगोळा. 'कवचाघात' वगैरे कृपया नको.) १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा शब्द वापरला. गोळा फुटल्याच्या दणक्याने मेंदूला इजा होते, असा तेव्हा समज होता. पण गोळ्याच्या आसपासही नसलेल्यांना तोच त्रास व्हायला लागला. शेवटी १९२२ मध्ये ब्रिटिश युद्धखात्याच्या समितीनेच हा शब्द टाकून द्या म्हणून सांगितलं.

आता कादंबरीतले डॉक्टर बघा. होम्स म्हणतो, याला काही झालेलंच नाही. बडा डॉक्टर ब्रॅडशॉ 'वेड' हा शब्द कटाक्षाने टाळतो. त्याच्या मते रुग्णाचं फक्त 'प्रपोर्शन' सुटलेलं असतं. इथे 'प्रमाणबद्धता' लिहू नका, 'तारतम्य' चपखल बसतं. सेप्टिमस खिडकीतून उडी घेऊन जीव देतो आणि त्याच रात्री मिसेस डॅलोवेच्या पार्टीत हेच ब्रॅडशॉसाहेब शेल शॉकच्या उशिरा दिसणाऱ्या परिणामांवर बोलतात, कशासाठी, तर विधेयकात त्याची तरतूद हवी म्हणून. त्या वाक्यात 'धसका' घातलात, तर ब्रॅडशॉ एकदम घरातला माणूस वाटायला लागेल, आणि वुल्फला तो तसा मुळीच नको होता.