प्रश्न तुमचे: प्रचारात उमेदवाराचं व्यंग काढलं, तर काय करायचं?

उमेदवाराच्या अपंगत्वावरून होणाऱ्या प्रचाराबद्दल आलेल्या पत्रांतली पाच पत्रं इथे घेतली आहेत, प्रत्येक पत्राखाली आमचं उत्तर आहे. नावं आणि गावं मुद्दाम वगळली आहेत.

आमच्या उमेदवारांना लहानपणी पोलिओ झाला, ते कॅलिपर लावून चालतात. विधानसभेच्या प्रचारात समोरच्या पक्षाचा वक्ता भर सभेत म्हणाला, “लंगडा घोडा शर्यतीत आणलाय यांनी.” सगळी सभा हसली. आम्ही निवेदन दिलं, पुढे काहीच झालं नाही. आमचं काय चुकलं?

अशी बहुतेक निवेदनं एकाच साच्याची असतात: ‘अपमानास्पद वक्तव्य केले आहे, तरी योग्य ती कारवाई व्हावी.’ कोण बोललं, नेमकं काय बोललं, कुठे आणि कोणासमोर, यातलं काहीच त्यात नसतं. अशा कागदावर अधिकाऱ्याला पुढचं पाऊल टाकता येत नाही. बोललेलं वाक्य जसंच्या तसं, बोलीसकट, अवतरणात लिहा. सभेची तारीख, जागा, वक्त्याचं नाव, परवानगी कोणाच्या नावावर होती आणि रेकॉर्डिंगमध्ये ते वाक्य कितव्या मिनिटाला येतं, हेही लिहा.

यात वाटा दोन आहेत आणि दोन्ही एकदम चालता येतात. पहिली आचारसंहितेची. टीका धोरणं, कार्यक्रम आणि मागच्या कामापुरती ठेवावी, सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्यावर बोलू नये, असं आदर्श आचारसंहिता सांगते. त्याशिवाय डिसेंबर 2023 मध्ये भारत निवडणूक आयोगाने राजकीय पक्षांसाठी अपंगत्वाबद्दल स्वतंत्र सूचना काढल्या. भाषण, लेख, जाहिरात, प्रचार, कुठेही अपंगत्वाचा हिणकस उल्लेख नको, हे त्यात स्पष्ट आहे. टाळायच्या शब्दांची उदाहरणंही दिली आहेत: गूंगा, पागल, अंधा, काना, बहरा, लंगडा, लूला, अपाहिज. तुमच्या वक्त्याचा शब्द त्या यादीतच आहे. ही तक्रार निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

दुसरी वाट फौजदारी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 चं कलम 92 सांगतं की, लोकांच्या नजरेसमोरच्या ठिकाणी, पाणउतारा करण्याच्या हेतूने, अपंग व्यक्तीचा जाणूनबुजून अपमान करणं हा गुन्हा आहे. शिक्षा कमीत कमी 6 महिने, जास्तीत जास्त 5 वर्षं कैद आणि दंड. कमाल शिक्षा 3 वर्षांपुढे जात असल्यामुळे गुन्हा दखलपात्र ठरतो, म्हणजे पोलिसांना कोर्टाच्या आदेशाशिवाय तो नोंदवता येतो. ‘आधी कोर्टातून आदेश आणा’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.

पोलीस ठाण्यात आणखी एक अडचण पुढे येते: “यूडीआयडी कार्ड कुठे आहे?” म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र. कलम 92 ला ते लागत नाही. कायद्यात दोन वेगवेगळ्या व्याख्या आहेत. 40 टक्के अपंगत्व आणि प्रमाणपत्र हा हिशेब आरक्षण-सवलतींच्या व्याख्येतला. अपमानाच्या कलमात फक्त ‘अपंग व्यक्ती’ एवढंच आहे, म्हणजे दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनांची कमतरता असलेली व्यक्ती. कार्ड असेल तर प्रत जोडा, नसेल तर त्यासाठी थांबू नका.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(3) प्रमाणे अशा गुन्ह्यात पोलीस, उपअधीक्षकांच्या परवानगीने, 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतात. म्हणजे ‘चौकशी चालू आहे’ या उत्तराला मुदत आहे. गुन्हा नोंदवून घेत नसतील तर 173(4) खाली पोलीस अधीक्षकांकडे लेखी जा, तिथेही अडलं तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. खबर कोणीही देऊ शकतं, पण उमेदवाराचा स्वतःचा जबाब लवकर नोंदवून घ्या. हेतू सिद्ध करताना तोच उपयोगी पडतो.

पुराव्याबद्दल थोडं सविस्तर, कारण प्रकरणं इथेच ढिली पडतात. व्हॉट्सॲपवर आलेली क्लिप हा दुय्यम माल असतो: पाठवताना ती दाबून लहान केली जाते, मूळ तारीख-वेळेची नोंद जाते, मागचं-पुढचं कापलेलं असतं. ज्याने चित्रण केलं त्याचा फोन आणि त्यातली मूळ फाईल सांभाळा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक फोन वापरणाऱ्याने आणि एक तज्ज्ञाने भरायचा, आणि फाईलची हॅश किंमत (फाईलवरून संगणकाने काढलेली तिची ओळख-खूण) त्यात लिहायची असते. सभेला आयोगाचं व्हिडिओ पथक आलं असेल तर ते चित्रण जपून ठेवावं, अशी मागणी त्याच अर्जात करा. आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारींच्या ॲपवर तक्रार करायची असेल तर चित्रण ॲपच्या कॅमेऱ्यातूनच करावं लागतं, तेही 2 मिनिटांपर्यंत. गॅलरीतलं चालत नाही. म्हणून दोन माणसं लागतात: एकाचा फोन सभा सुरू झाल्यापासून सलग चालू, दुसऱ्याच्या हातात ॲप. वक्ता असलं वाक्य टाळी मिळाली की पुन्हा म्हणतो, दुसऱ्याने ते तेव्हा पकडायचं. तक्रार गेल्यापासून 100 मिनिटांत निकाली काढायची, अशी त्या ॲपची रचना आहे.

एका चुकीच्या कलमापासून जपा. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं 123(4) अनेकजण तक्रारीत घालतात. ते उमेदवाराच्या चारित्र्याबद्दलच्या खोट्या विधानासाठी आहे. पाय अधू असणं खोटं नाही, त्यामुळे नुसतं हिणवणं त्यात बसत नाही आणि चुकीच्या कलमापायी चांगली तक्रार बाजूला पडते.

मी पक्षासाठी भाषणं आणि पत्रकं लिहितो. ‘आंधळं-बहिरं सरकार’, ‘धृतराष्ट्र’, ‘धोरणलकवा’ हे तर मराठीतले रुळलेले शब्द. यात कोणा माणसाचा अपमान नाही. हेही बंद?

गुन्हा नाही. कलम 92 ला समोर अपंग व्यक्ती आणि अपमानाचा हेतू लागतो. पण आयोगाच्या सूचना त्याच्या पुढे जातात: नाकर्तेपणा सांगायला अपंगत्वाचे शब्द वापरू नयेत, असं त्यात म्हटलं आहे. आमचंही मत तेच आहे. सभेत पुढच्या रांगेत पांढरी काठी घेऊन बसलेल्या मतदाराला ‘आंधळं सरकार’ ऐकताना काय वाटत असेल, हा प्रश्न खरा आहे. दिसत नसणं म्हणजे बेफिकीर असणं नव्हे. साधन गुप्ता 1953 च्या पोटनिवडणुकीत कलकत्त्याहून लोकसभेवर निवडून आले, ते दृष्टिहीन होते, आणि पुढे पश्चिम बंगालचे महाधिवक्ता झाले. एस. जयपाल रेड्डी कुबड्या घेऊन संसदेत यायचे, केंद्रात मंत्री होते, उत्कृष्ट संसदपटू पुरस्काराचे मानकरी होते.

लिहिणाऱ्याच्या दृष्टीनेही हे शब्द आळशी आहेत. ‘बहिरं प्रशासन’ म्हणण्याऐवजी किती अर्ज दिले आणि किती उत्तरं आली ते सांगा. ‘धोरणलकवा’ऐवजी फाईल कोणत्या टेबलावर किती महिने पडून आहे ते सांगा. ‘लंगडी सबब’ला ‘फुसकी सबब’ आहे, ‘पांगळा युक्तिवाद’ला ‘तकलादू’ आहे, ‘वेडगळ’ला ‘अविचारी’ आहे.

प्रचारसाहित्य बाहेर पडण्याआधी पक्षाने आतल्या आत तपासावं, असंही आयोग सांगतो. व्यवहारात हे अर्ध्या तासाचं काम आहे. फाईल उघडा आणि शब्दांची मुळं शोधा: आंध, बहिर, मुक, लंगड, पांगळ, लुळ, थोट, काण, चकण, तोतर, बोबड, खुळ, वेड, लकव. ‘आंध’मध्ये आंध्र सापडेल, ‘मुक’मध्ये मुकाबला आणि मुकादम, ‘काण’मध्ये काणकोण. ते सोडून द्या, उरलेलं वाचून बदला. जिंगल आणि रिक्षावरची घोषणा ऐकूनच तपासावी लागते, कारण ती बऱ्याचदा कागदावर नसतेच.

तरी खरी घसरण लिहिलेल्या भाषणात होत नाही. मुख्य नेता यायला उशीर होतो, तोवर सभा धरून ठेवायला दुसऱ्या फळीतला वक्ता उभा राहतो आणि नकला सुरू होतात. चालण्याची नक्कल, बोलण्याची नक्कल. त्याला आधी बसवून स्पष्ट सांगा की नक्कलही याच सूचनांत येते, आणि बोलायला 4 मुद्दे हातात द्या. मुद्दे नसले की माणूस व्यंगाकडे वळतो.

आमच्या उमेदवारांना अर्धांगाचा झटका येऊन गेला, बोलणं जड झालं आहे. त्यांचा व्हिडिओ आणखी हळू करून, खाली हसण्याचा आवाज लावून रील फिरतं आहे. त्यावर कोणाचंच नाव नाही.

आधी दुवा, खात्याचं नाव, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट आणि स्क्रीन रेकॉर्डिंग घ्या. लोक उलटं करतात: आधी ‘रिपोर्ट’ करतात, रील उडतं आणि हातात काहीच राहत नाही. मूळ, न बदललेला व्हिडिओही सोबत जोडा, म्हणजे वेग बदलल्याचं शेजारी-शेजारी दिसेल.

त्यानंतर तीन ठिकाणी जा. सोशल मीडियावरच्या राजकीय जाहिरातीला माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीचं पूर्वप्रमाणन लागतं. पैसे भरून फिरवलेलं असेल तर जिल्ह्याच्या समितीला विचारा की हे प्रमाणित आहे का. मे 2024 मध्ये आयोगाने पक्षांना बजावलं की असा फेरफार केलेला मजकूर निदर्शनाला आला की 3 तासांत काढा. तेव्हा विरोधी पक्षाच्या जिल्हा कार्यालयाला लेखी कळवा आणि वेळ नोंदवा. आणि पोलीस. झटक्यानंतर वाचेवर कायमचा परिणाम झाला असेल तर दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टातल्या वाचा व भाषा दोषात तो मोडतो. ‘लोकांच्या नजरेसमोर’ यात इंटरनेट येतं का, हा वाद निघेल. अॅट्रॉसिटी कायद्यातल्या तशाच शब्दांबाबत केरळ उच्च न्यायालयाने 2022 मध्ये ‘येतं’ असं म्हटलं आहे, ते अर्जात लिहा.

छापील पत्रक निनावी असेल तर काम सोपं होतं: मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता नसणं हाच लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127अ खाली गुन्हा आहे.

मग उमेदवाराच्या प्रकृतीबद्दल विचारूच नये का? आणि हिणवलं तर उमेदवाराने स्वतः उत्तर द्यावं का?

विचारावं, पण कामाबद्दल आणि तोंडावर. मतदारसंघ मोठा आहे, दौरे कसे करणार? सभागृहातली चर्चा कशी ऐकणार? या प्रश्नांना उत्तरं असतात. 2022 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात सिनेटचे उमेदवार जॉन फेटरमन यांना प्रचारातच झटका आला, ऐकलेलं शब्दांत पकडणं अवघड झालं. 25 ऑक्टोबरच्या वादचर्चेत समोर पडदे लावून बोलणं अक्षरांत दाखवलं गेलं. त्यांचे प्रतिस्पर्धी मेहमेट ओझ यांच्या प्रचार चमूने मात्र त्याआधीच, भाजी खाल्ली असती तर झटका आला नसता, अशा अर्थाचं निवेदन काढलं होतं. पडदे लावून काम कसं चालेल, ही विचारणा झाली. भाजीवरचं बोलणं हे नुसतं हिणवणं होतं. फेटरमन निवडून आले.

उत्तर द्यायचं तर एकदाच, थोडक्यात. 1993 मध्ये कॅनडातल्या सत्ताधारी प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने विरोधी लिबरल पक्षाचे नेते ज्याँ क्रेत्याँ यांच्या चेहऱ्याचे जवळून घेतलेले फोटो जाहिरातीत दाखवले. त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू लहानपणापासून लुळी आहे. ‘हा पंतप्रधान वाटतो का?’ असा त्या जाहिरातीचा रोख होता. देवाने हे व्यंग दिलं आणि मी ते लहानपणीच स्वीकारलं, असं क्रेत्याँ म्हणाले. मी तोंडाच्या एकाच बाजूने बोलतो, दोन्ही बाजूंनी नाही, हेही त्यांचंच. जाहिरात लगेच मागे घ्यावी लागली. त्या पक्षाच्या 2 जागा आल्या. पक्ष आधीच खचलेला होता, सगळं श्रेय जाहिरातीला देता येणार नाही, पण त्यांच्याच उमेदवारांनी तिच्यावर उघड नाराजी दाखवली होती.

आपल्या उमेदवाराला बोलायचं नसेल तर ‘सहानुभूती मिळेल, बोला’ म्हणून आग्रह करू नका. तक्रार चालू असताना मंचावरून त्याच वाक्याचा रोज उल्लेख केला तर तो अपमानही रोज नव्याने फिरतो.

हेच नगरपालिका किंवा जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत झालं तर?

तिथे भारत निवडणूक आयोग नाही, राज्य निवडणूक आयोग आहे. सी-व्हिजिल चालत नाही. त्या निवडणुकीच्या निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. कलम 92 मात्र निवडणूक असो-नसो, कायम लागू असतं. पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडेही अर्ज करता येतो. आयुक्त शिक्षा देत नाहीत, पण त्यांना साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, आणि त्यांच्या शिफारशीवर संबंधित प्राधिकरणाने 3 महिन्यांत कार्यवाही करायची असते. या अर्जाला मतदानाच्या तारखेची घाई नाही. पोलीस तक्रारीची पोच जोडून तो निकालानंतरही द्या.