नवे पेन, कुंचला आणि खोडरबर पारखताना

नवे साहित्य आणल्यावर लगेच चित्राला हात घालू नका. ज्या कागदावर पुढे काम करायचे आहे, त्याच कागदाच्या तुकड्यावर ते आधी वापरून पाहा. पेनाने तीन रेघा ओढा आणि पहिलीवर लगेच, दुसरीवर पाच मिनिटांनी व तिसरीवर दुसऱ्या दिवशी ओला कुंचला फिरवा, म्हणजे शाई कधी पसरते आणि कधी पक्की बसते हे डोळ्यांना दिसेल. वेष्टनावर ‘वॉटरप्रूफ’ छापलेले असले, तरी जाड रेघ वाळायला वेळ लागतोच. माझे पूर्ण होत आलेले एक चित्र याच घाईमुळे करड्या डागांनी भरले होते.

गोल कुंचला पाण्यात बुडवून झटका. केस जुळून बारीक टोक आले, तर तो रेघेलाही चालेल.

खोडरबराकडे मात्र विशेष लक्ष द्या, कारण जोराने घासल्यास कागदाचे तंतू उठतात आणि तेवढ्याच जागी जलरंग अधिक शोषला जाऊन गडद ठिपका उमटतो. मळता येणारे मऊ खोडरबर घासायचे नसते. बोटांनी त्याला टोक काढून ते २बी पेन्सिलच्या छटेवर हलके दाबून उचलावे, म्हणजे शिसे त्याला चिकटून येते आणि छटा हळूहळू फिकी होते.