‘हद्दपार नेता निवडणुकीसाठी परतला’: यातला ‘हद्दपार’ चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा: टांझानियातल्या चाडेमा या विरोधी पक्षाचे नेते तुंदू लिस्सू यांच्या 2020 मधल्या मायदेशी परतण्याविषयी मराठीत लिहायचे आहे. ‘एक्झाइल्ड ऑपोझिशन लीडर’ याला ‘हद्दपार विरोधी पक्षनेता’ म्हणावे का? आणि ते लढले ती निवडणूक राष्ट्रपतिपदाची म्हणावी की राष्ट्राध्यक्षपदाची?

‘हद्दपार’ इथे चुकीचा आहे. ‘विरोधी पक्षनेता’ही चुकीचा आहे. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर ‘राष्ट्राध्यक्षपदाची’.

हद्दपारीला कर्ता लागतो. कोणीतरी हुकूम काढतो आणि त्या हुकमाने माणूस हद्दीबाहेर जातो. महाराष्ट्रात तर हा शब्द कायद्याच्या चौकटीत पक्का बसलेला आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या 55, 56 आणि 57 या कलमांखाली हद्दपारीचा प्रस्ताव तयार होतो, त्या माणसाला नोटीस देऊन म्हणणे मांडायची संधी मिळते आणि मग जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी जिल्ह्याबाहेर व लगतच्या भागाबाहेर जाण्याचा आदेश निघतो. मुदतीत परवानगीवाचून परत आला तर तो वेगळा गुन्हा. बोलीत यालाच ‘तडीपार’ म्हणतात. त्यामुळे आज मराठी वाचकाने ‘हद्दपार’ वाचले की त्याच्या मनात आधी पोलीस ठाण्याच्या यादीतला गुंड उभा राहतो. ज्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्या माणसाला हा शब्द लावणे मला अन्यायाचे वाटते.

लिस्सूंच्या बाबतीत घडले ते असे. 7 सप्टेंबर 2017 रोजी टांझानियाची राजधानी दोदोमा इथे त्यांच्या निवासस्थानाबाहेर त्यांच्यावर बेछूट गोळीबार झाला. त्यांना आधी नैरोबीला नेले आणि जानेवारी 2018 मध्ये पुढच्या उपचारांसाठी बेल्जियमला. देश सोडून जा असा आदेश कोणीही काढला नव्हता. उलट ते गैरहजर राहतात हे एक कारण दाखवून जून 2019 मध्ये संसदेच्या अध्यक्षांनी त्यांची खासदारकीची जागा रिकामी झाल्याचे जाहीर केले. म्हणजे सरकारी कागदोपत्री ते बाहेर घालवलेले नव्हते, हजर न राहिलेले होते. ‘हद्दपार’ लिहिले की नसलेला हुकूम आपण तयार करतो आणि खरा प्रकार, म्हणजे जिवाच्या भीतीने परत येता न येणे, झाकला जातो.

याला मराठीत जुना, नेमका शब्द आहे: परागंदा. मूळ फारसी, अर्थ विखुरलेला, पांगलेला. स्वारी, दुष्काळ किंवा जुलूम यांमुळे रयत गाव सोडून गेली की ‘रयत परागंदा झाली’ असे जुन्या कागदांत लिहीत. हुकूम नाही, पण राहणेही शक्य नाही, ही नेमकी छटा त्यात आहे. ब्रिटिशांच्या राज्यात परतण्याची सोय नसल्याने मेक्सिकोत राहिलेले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे यांच्यासारख्या क्रांतिकारकांसाठीही तो शोभतो. वापरताना एवढे सांभाळा की त्याचे रूप बदलत नाही: परागंदा नेता, परागंदा नेत्याने, परागंदा झालेल्या कार्यकर्त्या. ‘परागंदे नेते’ असे अनेकवचन करू नये. काहींना त्यात कर्ज बुडवून पळाल्याचा वास येतो, आणि तशा वाक्यांतही तो वापरला जातो हे खरे आहे. तिथे शंका वाटली तर सरळ ‘परदेशात आश्रय घेतलेले’ लिहावे. मथळ्यात ते लांबते, मजकुरात अडत नाही.

बाकीचे पर्याय भराभर बघू. ‘निर्वासित’ संस्कृतात घालवून दिलेला असला, तरी फाळणीनंतर मराठीत तो छावणीतल्या लोकसमूहाचा शब्द झाला आहे. एकट्या नेत्याला तो लावला की वाचक अडखळतो. ‘विजनवास’ आपल्याकडे सत्तेबाहेर आणि प्रसिद्धीबाहेर पडलेल्या पुढाऱ्याला लावतात, मग तो आपल्याच वाड्यात का बसलेला असेना. ‘अज्ञातवास’ तर उलटा पडेल, कारण लिस्सू बेल्जियमहून उघडपणे मुलाखती देत होते. ‘भूमिगत’ म्हणजे बेचाळीसच्या चळवळीतल्यासारखा देशातच लपलेला. ‘फरार’ हा आरोप करणाऱ्या सरकारचा शब्द आहे. सरकारचे म्हणणे अवतरणचिन्हांत देत असाल तरच तो घ्या.

मग ‘हद्दपार’ कुठे बसतो? 1964 मध्ये इराणच्या शाहाच्या सरकारने खोमेनींना तुर्कस्तानात धाडले, तिथे तो चपखल आहे. दक्षिण कोरियाचे विरोधी नेते किम दे-जुंग मात्र मधले उदाहरण आहे. 1980 मध्ये फाशीची शिक्षा, ती कमी होत होत वीस वर्षांची कैद, आणि डिसेंबर 1982 मध्ये उपचारांच्या नावाखाली अमेरिकेला रवानगी. कागदावर परवानगी, प्रत्यक्षात देशाबाहेर काढणे. अशा ठिकाणी एका विशेषणावर भिस्त न ठेवता ‘अमेरिकेत धाडलेले’ असे क्रियापदाने सांगितलेले बरे. ते फेब्रुवारी 1985 मध्ये परतले, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत 1987 आणि 1992 मध्ये हरले आणि 1997 मध्ये निवडून आले.

आता ‘परतणे’. इथे मराठी राजकारणाने दोन शब्द वेगळ्याच कामाला लावले आहेत. ‘स्वगृही परतले’ म्हणजे आपल्याकडे जुन्या पक्षात परत गेले, म्हणून लिस्सूंसाठी तो नको. आणि ‘माघारी आले’ निवडणुकीच्या बातमीत टाळावेच, कारण शेजारी ‘उमेदवारी’ आली की घाईत वाचणारा ‘माघार घेतली’ असे वाचतो. ‘मायदेशी परतले’ निर्धोक आहे.

‘विरोधी पक्षनेता’ हे आपल्याकडे सभागृहातले पद आहे. लिस्सू संसदेत विरोधकांचे मुख्य प्रतोद होते, नेतेपद फ्रीमन म्बोवे यांच्याकडे होते. म्हणून ‘विरोधी पक्षाचे नेते’ किंवा नुसते ‘विरोधी नेते’. ‘पक्ष’ आणि ‘नेता’ जोडून लिहिले की पद होते, सोडवून लिहिले की वर्णन होते.

राष्ट्रपती की राष्ट्राध्यक्ष, हा फरक मराठीने चांगला राखला आहे आणि तो जपावा. ‘राष्ट्रपती’ भारताच्या पदासाठी: खासदार-आमदार निवडून देतात, अर्जाला 50 सूचक आणि 50 अनुमोदक लागतात, अनामत 15,000 रुपये. टांझानियात लोक थेट मत देतात आणि निवडून आलेली व्यक्तीच सरकार चालवते. तिथे उमेदवार जन्माने नागरिक आणि किमान 40 वर्षांचा असावा लागतो, आणि एखाद्या पक्षाने त्याला उभे केलेले असावे लागते. अपक्षाला जागा नाही. शिवाय किमान दहा प्रांतांतून प्रत्येकी 200 नोंदणीकृत मतदारांचा पाठिंबा हवा, त्यातले दोन प्रांत झांझिबारचे. हिंदीतून अनुवाद करणारे सर्रास ‘राष्ट्रपति’ उचलतात, तिथे लक्ष ठेवा. आणि भारताविषयी लिहिताना समासात ‘ति’ ऱ्हस्व: राष्ट्रपती, पण राष्ट्रपतिपद.

यातूनच ‘उमेदवार’ कधी म्हणायचे तेही ठरते. 27 जुलै 2020 रोजी दार-एस-सलामच्या विमानतळावर उतरले तेव्हा लिस्सू ‘इच्छुक’ होते. ऑगस्टच्या सुरुवातीला चाडेमा पक्षाने निवडल्यावर ते ‘पक्षाचे उमेदवार’ झाले, आणि 25 ऑगस्टला निवडणूक आयोगाने अर्ज स्वीकारल्यावर ‘अधिकृत उमेदवार’. हा क्रम गाळला की बातमी खोटी पडू शकते. काँगोचे विरोधी नेते मोईझ कटुंबी ऑगस्ट 2018 मध्ये झांबियाच्या सीमेवरून आत येऊ पाहत होते. त्यांना अडवले, 8 ऑगस्टला अर्जाची मुदत संपली आणि ते उमेदवार झालेच नाहीत. त्यांचा अर्ज छाननीत ‘बाद’ झाला नव्हता, तो दाखलच होऊ शकला नव्हता. ‘उमेदवारी नाकारली’ असे तिथे लिहिता येत नाही. मादागास्करचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्क राव्हालोमानाना यांचे विमान तर जानेवारी 2012 मध्ये जोहान्सबर्गहून निघून वाटेतूनच परत फिरले. त्यांना ‘परतीचा प्रयत्न फसला’ एवढेच लागू पडते.

म्हणून 27 जुलैच्या बातमीचा मथळा मी असा करेन: ‘परागंदा विरोधी नेते लिस्सू मायदेशी, राष्ट्राध्यक्षपदासाठी इच्छुक’. 28 ऑक्टोबरच्या मतदानानंतर अधिकृत निकालात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन मगुफुली यांना सुमारे 84 टक्के आणि लिस्सूंना 13 टक्के मते दाखवली गेली, आणि नोव्हेंबरमध्ये लिस्सू पुन्हा बेल्जियमला गेले. त्या बातमीत ‘पुन्हा परागंदा’ चालेल. त्यानंतर ते जानेवारी 2023 मध्ये परतले.

नावांचे तेवढे राहिले. ‘चाडेमा’तला च ‘चार’मधला आहे, ‘चाक’मधला नाही. ‘म्बोवे’ला ‘मबोवे’ किंवा ‘एमबोवे’ करू नये. स्वाहिलीत सुरुवातीचा ‘म्ब’ एकत्रच उच्चारतात आणि देवनागरीत तो सहज लिहिता येतो.