वस्तीतल्या मुलांसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवताना त्यांची भाषा आणि संस्कृती वर्गात कशी आणावी?

आपण विचारले आहे, की वस्तीत संध्याकाळचा वर्ग सुरू केला तेव्हा समाजमंदिर भरून गेले, पण महिन्याभरात जेमतेम सहा मुले उरली. तेव्हा मुलांच्या घरच्या भाषेशी आणि जगण्याशी जोडलेले शिक्षण म्हणजे नेमके काय करायचे? पुण्यातल्या एका वडार वस्तीत मी नऊ वर्षे असा वर्ग चालवते आहे. त्या अनुभवाच्या आधारे उत्तर देते.

पहिल्या वर्षी आम्हीही शाळेचाच अभ्यास संध्याकाळी पुन्हा घेत होतो. जे दिवसभर कळले नाही, तेच त्याच शब्दांत दमलेल्या मुलापुढे पुन्हा ठेवले, तर ते कशाला येईल? एके दिवशी मी दारातून पाहिले, तर पहिलीतला एक मुलगा चिंचोके ओळीने मांडून ‘रेंडू, मूडू’ असे पुटपुटत सरळ मोजत चालला होता. मला पाहताच तो थांबला, ‘दोन, तीन’ असे म्हणाला आणि पाचाच्या पुढे अडखळला. त्याला मोजता येत होते, फक्त मराठीत येत नव्हते. वडारी बोली तेलुगूला जवळची आहे. घरी ती बोलणारे मूल शाळेत गप्प बसते आणि त्या गप्प बसण्यालाच ‘कच्चे’ हे नाव पडते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे, पण एका वर्गात चार बोली बोलणारी मुले असताना शाळेच्या बाईंना ते साधत नाही. संध्याकाळच्या वर्गाला मात्र ते साधते, आणि माझ्या मते त्याचे खरे काम तेच आहे.

म्हणून आम्ही वस्तीतल्याच, बारावी झालेल्या एका मुलीला मानधन देऊन शिकवायला घेतले. गोष्ट आधी वडारीत होते, मुले ती आपल्या शब्दांत सांगतात, आणि मग तीच गोष्ट फळ्यावर मराठीत उतरते. प्रमाण मराठी आणि इंग्रजी यांत आम्ही काडीची सूट देत नाही, कारण या मुलांना नोकरीच्या अर्जापासून दवाखान्यातल्या केसपेपरापर्यंत सगळीकडे त्यांचीच गरज पडणार आहे. घरची बोली ही तिथवर नेणारी पायरी आहे, आणि ती पायरी गाळली की मूल खालीच राहते.

गणिताचेही तसेच झाले. पाचवीतल्या मुलांना घनफळ काही केल्या कळत नव्हते. यांतल्या बऱ्याच जणांचे वडील मुरूम आणि खडी भरण्याच्या कामावर जातात आणि ‘ब्रास’ हा शब्द घरात रोज ऐकू येतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. आम्ही जमिनीवर खडूने १० फूट लांब आणि ५ फूट रुंद अशी ट्रॉली आखली, तिच्या कोपऱ्यांवर २ फूट उंचीच्या काठ्या धरल्या आणि विचारले, की हिच्यात किती माल बसेल? ‘एक ब्रास’, उत्तर लगेच आले. मग काठीवर दीड फुटावर खूण केली. थोडा वेळ कुजबूज झाली आणि एक मुलगी म्हणाली, ‘पाऊण ब्रास. म्हणजे पैसे पण पाऊणच मिळायला पाहिजेत.’ लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार त्या दिवसानंतर मला पुन्हा शिकवावा लागला नाही.

आता एक चूक सांगते, कारण ती आपल्याकडून होऊ नये असे मला मनापासून वाटते. दुसऱ्या वर्षी मी मुलांना ‘आमच्या घरचा व्यवसाय’ या विषयावर चित्र काढायला लावले आणि ती चित्रे भिंतीवर लावली. एका मुलीने यायचेच बंद केले. शाळेत जातीवरून जे चिडवणे तिला रोज ऐकावे लागत होते, तेच मी भिंतीवर टांगले होते. वस्तीत संस्कृती आणि जात एकमेकांत गुंतलेल्या असतात, याचे भान मला नव्हते. तेव्हापासून घरचे ज्ञान आम्ही मुलाची ओळख म्हणून मांडत नाही. ज्याच्याकडे ते आहे त्या मोठ्या माणसालाच शिक्षक म्हणून बोलावतो. एक आजी छिन्नी आणि हातोडा घेऊन आल्या आणि पाट्याला टाकी कशी लावतात, दगड आवाजावरून कसा ओळखतात, हे त्यांनी दाखवले. मुलांनी प्रश्न विचारले, उत्तरे लिहून घेतली, आणि तो मजकूर आमचा वाचनपाठ झाला. त्या मुलीच्या घरी मी तीनदा गेले, तेव्हा कुठे ती परत आली.

यात नवे काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला वारली मुलांसाठी काम उभे केले. मुले बालवाडीत येत नाहीत म्हणून त्यांनी बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली, आणि पाळणाघर शाळेला जोडले. यातले शेवटचे मला फार मोलाचे वाटते. आपल्याकडे उरलेल्या सहांमध्ये मुली किती आहेत, ते पाहा. आमच्याकडे मुली येत नव्हत्या, कारण आई कामावरून येईपर्यंत धाकटे भावंड त्यांच्या कडेवर असे. आम्ही भावंडासकट या असे सांगितले, कोपऱ्यात एक सतरंजी आणि थोडी खेळणी ठेवली, आणि दोन आठवड्यांत अकरा मुली वाढल्या.

तेव्हा पुस्तके आणि तक्ते घेण्याआधी पंधरा दिवस फक्त घरोघरी जा. कोणत्या घरात कोणती बोली आहे, आई किती वाजता परतते, पाणी किती वाजता येते, हे एका वहीत लिहून काढा. आम्ही वर्गाची वेळ पाचाची साडेसहा केली, ती नळाला पाणी सहाला येते म्हणून.