बाबा म्हणतात, फिलॉसॉफी घेऊन काय दिवे लावणार?

"ताई, मला युनिव्हर्सिटीत फिलॉसॉफी घ्यायचीय. बाबा म्हणतात नोकरी कोण देणार, मैत्रिणी हसतात, आई गप्प. आता मलाच वाटायला लागलंय की मी पळवाट तर शोधत नाहीये ना?" – गोंधळलेली

अगं, बाबांवर चिडू नकोस आधी, त्यांचा प्रश्न रास्त आहे. ही डिग्री घेतली की ठरलेली नोकरी वाट बघत उभी नसते, आणि "विचार करायला शिकवते" हे ऐकवून त्यांचं समाधान होणार नाही, माझंही होत नाही.

मला खटकला तो तुझा पळवाट शब्द. मन अस्वस्थ आहे, आयुष्याचा अर्थ शोधायचाय म्हणून बरेच जण अॅडमिशन घेतात आणि मग समोर येतं लॉजिक, चिन्हं, प्रूफं, आणि एकेक पान चार वेळा वाचणं. शांती बिंती काही मिळत नाही बरं का. त्यापेक्षा हे करून बघ. घड्याळ तीन वाजून दहा मिनिटांवर बंद पडलंय, तुला माहीत नाही, तू नेमकं तीन-दहालाच त्याच्याकडे बघितलंस आणि वेळ बरोबर सांगितलीस, तर तुला वेळ "माहीत होती" का? एडमंड गेटियर नावाच्या माणसाने १९६३ मध्ये असल्याच पेचावर जेमतेम तीन पानांचा पेपर लिहिला, की विश्वास आहे, त्याला कारण आहे, गोष्ट खरीही आहे, तरी ते ज्ञान असेलच असं नाही, आणि लोक अजून त्यावर भांडतायत! हे वाचून "बरं मग?" वाटलं तर दुसरा विषय बघ, खरंच सांगते. रात्री झोपताना पुन्हा ते घड्याळच आठवलं तर घे.

बाबांना क्लॉड शॅननची गोष्ट सांगायचा मोह होईल. मिशिगन युनिव्हर्सिटीत त्याने फिलॉसॉफीच्या वर्गात जॉर्ज बूलचं लॉजिक, म्हणजे खरं-खोटं गणितासारखं मांडायची पद्धत, शिकलं आणि १९३७ च्या मास्टर्स थीसिसमध्ये दाखवून दिलं की स्विचची सर्किटं त्याच नियमांनी मांडता येतात, डिजिटल सर्किटांचा पायाच तो. पण गोष्ट पूर्ण सांग हां, तो मुळात इंजिनिअरिंग आणि गणित शिकत होता. म्हणून माझं मत असं की जोडीला दुसरा विषय घेता येत असेल तर घेच, गणित, इकॉनॉमिक्स, कॉम्प्युटर, जे झेपेल ते.

आणि एक काम कर, बाबांचं म्हणणं एका पानावर लिही, इतकं नीट की ते वाचून म्हणतील "हो, हेच म्हणतोय मी". टोमणे नकोत. मग बघ त्यातलं कुठलं वाक्य काढलं की बाकीचं कोसळतं. कदाचित ते वाक्य फीच्या पैशांचं निघेल, मग भांडण फिलॉसॉफीचं नाहीच, हिशोबाचं आहे, तो बसून करता येतो. हे पान लिहिताना मजा आली का तेही मला कळव.

आणि आईला विचार ना, ती गप्प का आहे. अख्ख्या पत्रात तिच्या वाट्याला एकच शब्द आलाय.